१५ वर्षांनी बँड पुन्हा जमतोय: अल्बमची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या चौघांचा रॉक बँड २०१० मध्ये थांबला. आता सगळे चाळिशीपुढचे. ड्रमर आणि गिटारवाला बडोद्यातच आहेत, गायक पुण्यात, बेसवाला न्यू जर्सीत. ५ गाण्यांचं अर्धवट रेकॉर्डिंग एका जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे. ८ गाण्यांचा, बराचसा मराठी अल्बम करायचा आहे. जुने ट्रॅक वापरावेत का, आणि सुरुवात कुठून करावी?

सुरुवात त्या डिस्कपासून. आणि पहिली सूचना अशी की ती उत्साहाच्या भरात कॉम्प्युटरला जोडून ‘बघू तर काय काय आहे’ करू नका. १५ वर्षं बंद असलेली डिस्क कदाचित एकदाच नीट चालेल, ती फेरी गाणी ऐकण्यात घालवायची नसते. त्या काळातली ३.५ इंची डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणजे नुसती यूएसबी केबल पुरत नाही. स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेला कन्व्हर्टर घ्या, आणि डिस्कची जोडणी जुन्या आयडीई पद्धतीची आहे की नव्या साटा, हे पिना पाहून आधीच ठरवा. मग डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. हा प्रोग्राम आधी चांगला भाग वाचून घेतो आणि खराब सेक्टरांकडे नंतर वळतो, म्हणून साध्या कॉपी-पेस्टपेक्षा जास्त हाती लागतं. जोडल्यावर टिक-टिक असा ठराविक ठोका ऐकू आला तर ताबडतोब वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा घरगुती उपाय कोणीतरी सांगेलच. तो करू नका, आत दव धरतं.

प्रतिमा मिळाली की पुढचा अडथळा प्रोजेक्ट फाइलचा. जुन्या क्यूबेस किंवा न्यूएन्डो या रेकॉर्डिंग प्रोग्रामांची फाइल आज उघडते, पण त्यातले ३२ बिटचे प्लगइन, म्हणजे इफेक्टचे जोडप्रोग्राम, उघडत नाहीत. क्यूबेसने ९व्या आवृत्तीपासून ते सोडून दिले. खरा ऐवज ऑडिओ फोल्डरमधल्या वेव्ह फाइल्सचा आहे. पण प्रोजेक्टशिवाय कुठला तुकडा कुठे बसतो ते कळत नाही. म्हणून विंडोज एक्सपी किंवा ७ असलेलं एखादं जुनं मशीन गाठा, तिथे गाणं उघडा आणि प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत अखंड फाइल म्हणून बाहेर काढा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) जसा असेल तसाच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता टाकली तर गाणं वेगाने पळतं आणि जवळपास दीड फ्रेट वर चढतं. ‘तेव्हा आपण काय वाजवायचो!’ असं वाटतं ते कधीकधी एवढ्यामुळेच.

आता ते वापरावेत का? माझं मत स्पष्ट आहे: वाजवलेलं वापरू नका, एखादी खूण तेवढी ठेवा. २७ वर्षांचा गळा कडव्यात आणि ४३ वर्षांचा धृपदात, असं गाणं कितीही मिक्स केलं तरी दोन माणसांचं वाटतं. क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोमचा ठोका न घेता, वाजवलेल्या जुन्या ड्रम्सवर नवा बेस बसवण्यात जो वेळ जातो, त्यात नवे ड्रम्स दोनदा रेकॉर्ड होतात. पिंक फ्लॉइडने २०१४ च्या अल्बमसाठी १९९३-९४ चं शिल्लक ध्वनिमुद्रण वापरलं, पण त्यामागे कारण होतं: कीबोर्ड वाजवणारे रिचर्ड राइट २००८ मध्येच गेले होते. तुमचे चौघेही धडधाकट आहेत. जुन्या ट्रॅकमधून एखादी सुरुवातीची धून, सरावाच्या खोलीतली बडबड, फार तर एखादा परत न जमणारा सोलो घ्या. बाकी सगळं संदर्भापुरतं.

दुसरं काम कागदाचं. मित्रांमध्ये कागद कशाला, हा आपल्याकडचा आवडता युक्तिवाद आहे, आणि परत जमलेले बँड मोडतात ते सहसा इथेच. ब्लॅक सॅबथचा २०१३ चा अल्बम हा ओझी ऑस्बॉर्नसह १९७८ नंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. मूळ ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या अटींवरून बाहेर राहिला आणि ब्रॅड विल्कने ड्रम्स वाजवले.

भारतीय कायद्यात एका गाण्यात किमान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. तेव्हा २००९ मध्ये स्टुडिओचे पैसे एखाद्या पाचव्या मित्राने दिले असतील तर त्या जुन्या मूळ ध्वनिमुद्रणावर तो हक्क सांगू शकतो. जुने ट्रॅक न वापरण्याचं हेही एक कारण. गाणी तेव्हा एखाद्या लेबलला लिहून दिली असतील तर तो करार शोधून काढा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पुन्हा ध्वनिमुद्रण करायला मनाई करणारं कलम आहे का, तेही पाहा. ते असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नव्या गाण्यांसाठी प्रत्येक गाण्याचं एक पान करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, चौघांच्या सह्या, तारीख. हे पान गाणं पक्कं झालं त्याच आठवड्यात भरायचं. मिक्स हातात आल्यावर प्रत्येकाला आपला रिफ सगळ्यात महत्त्वाचा वाटायला लागतो. मांडणीत केलेली भर आणि चालीचं कर्तृत्व यांत गल्लत होते, म्हणून सोपा तोडगा असा: शब्द आणि चाल यांचे टक्के ज्याचे त्याला, ध्वनिमुद्रणाचे चौघांना सारखे. मध्येच बँड सोडून गेलेल्या कोणाची चाल घेत असाल तर त्याचं नाव आणि सही हवीच. बँडचं नाव ट्रेडमार्कमध्ये ४१व्या वर्गात, म्हणजे मनोरंजन सेवांमध्ये, नोंदवता येतं. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. अर्ज चौघांच्या नावाने करा, एकाच्या नको.

आता खरा गाभा. गायकाचा आज जो गळा आहे त्याच्या पट्टीत गाणी आणावी लागतात, आणि हे सराव सुरू होण्याआधी ठरवायचं असतं. चाचणी साधी आहे. संध्याकाळी, सरावाच्या वेळेला, गळा तापवल्यावर सगळ्यात अवघड धृपद सलग ५ वेळा पूर्ण ताकदीने गायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. पहिल्या दोन वेळा सगळ्यांनाच जमतं. चौथ्या-पाचव्या वेळी सूर खाली घसरत असेल किंवा मान ताणली जात असेल तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवा. तरी तेच होत असेल तर पूर्ण सुराने. सकाळी चाचणी घेऊ नका, तेव्हा आवाज जड असतो आणि निकाल फसवतो. पट्टी उतरवल्यावर कडवं इतकं खाली गेलं की शब्द पुटपुटल्यासारखे येतात, तर पट्टी जागच्या जागी ठेवून फक्त धृपदाची चाल बदला.

मराठी गाण्यांत आणखी एक सोय आहे. वरच्या सुरावर ‘ई’ किंवा ‘ऊ’ आला की गळा आवळतो, ‘आ’ आणि ‘ओ’ मोकळे राहतात. ‘नदी’ वर ताणण्यापेक्षा ‘वाट’ ताणणं सोपं. विशीत लिहिलेल्या शब्दांत असे चार-पाच शब्द फिरवले तर पट्टी उतरवण्याची गरजच काही गाण्यांत पडत नाही. गीतकार कुरकुर करेल, करू द्या.

गिटार अर्ध्या सुराने उतरवली तर ९-४२ च्या तारा ढिल्या पडतात, १०-४६ लावा. पूर्ण सुरासाठी ११-४९. नुसत्या तारा बदलून भागत नाही. मानेचा ताण, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सूर) पुन्हा बसवावं लागतं, नाहीतर १२व्या फ्रेटवर सूर जुळत नाहीत आणि दोष गायकावर येतो. अल्बमभर एकच ट्यूनिंग ठेवता आलं तर उत्तम. निम्मी गाणी एकात आणि निम्मी दुसऱ्यात असतील तर दोन गिटारी लागतील.

लयीचंही तसंच. जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहून लय ठरवू नका. स्टेजवर सगळे धावतात. जुन्या रेकॉर्डिंगमधल्या ३२ मात्रा मोजून लय काढा, मग त्याच लयीत, मिनिटाला २ मात्रांनी कमी आणि ४ मात्रांनी कमी, अशी तीनदा वाजवून ऐका. जड गाणी बहुतेक वेळा कमी लयीत जास्त जड वाटतात. ड्रमरने दरेक गाणं क्लिकवर सलग तीनदा न थांबता वाजवून दाखवावं, हीच त्याची परीक्षा. डबल किकचं काम १५ वर्षांनी एकदम जुन्या लयीत सुरू केलं तर घोट्याचे आणि नडगीचे स्नायू धरतात. २०-२५ मात्रा खालून सुरू करून आठवड्याला ४ मात्रांनी चढा.

आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास, असे १२ आठवडे पुरतात. गायक पुण्यात असल्याने त्याची हजेरी महिन्यातून दोन शनिवार-रविवार धरा आणि बाकी वेळ त्याचा फोनवरचा कच्चा आवाज हेडफोनमध्ये घेऊन सराव करा. गाण्यांच्या निवडीवर जास्त वाद नको. १२ तयार करा, ८ ठेवा, आणि जुन्यांपैकी दोनपेक्षा जास्त घेऊ नका. ईगल्सच्या १९९४ च्या पुनर्मीलनात नवी स्टुडिओ गाणी फक्त ४ होती, बाकी मैफलीतली जुनी. पण त्यांची जुनी गाणी जगाला पाठ होती. आपली कॉलेजच्या मित्रांना.

सरावाची खोली हा बडोद्यात वेगळाच प्रश्न आहे. वाडी, रावपुरा भागातल्या जुन्या घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, त्यातून बेस सरळ पलीकडे जातो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ड्रम सेट १०० च्या आसपास जातो. त्यामुळे अनेक जण मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतली शेड बघतात. आवाजाला मोकळीक मिळते, पण वीज घाणेरडी असते: शेजारी मोटर किंवा वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज खाली जातं आणि अँपमध्ये किरकिर येते. सरावाला चालेल, रेकॉर्डिंगला टाळा.

रेकॉर्डिंगची खोली घरातच करणार असाल तर हिशेब करून पाहा. १४ बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घेतली तर लांबीत सुमारे ४० हर्ट्झ, रुंदीत ४७ आणि उंचीत ५६ हर्ट्झ घुमतात. बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झची, उघडी ए ५५ ची. म्हणजे नेमक्या याच दोन तारा त्या खोलीत ढम्म वाजणार आणि मधले सूर हरवणार. (अर्ध्या सुराने उतरवलेला बेस या सापळ्यातून थोडा सुटतो.) उपाय म्हणजे कोपऱ्यांत ४ इंच जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी लोकर), मागे तेवढीच हवा सोडून, वरून साधं सुती कापड. तेही इतक्या खालच्या सुरांना पूर्ण आवरत नाही, म्हणून बेस सरळ डीआयने, म्हणजे अँप-माइकशिवाय तारेतून थेट, घ्या. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्याने फक्त झांजांची चमक जाते, घुमणं तसंच राहतं.

आता तारखा, आणि यात बडोद्यात राहण्याचा फायदा आहे. गणपतीपासून नवरात्र संपेपर्यंत काहीही ठरवू नका. गरब्याच्या तालमींमुळे ड्रमर, कीबोर्डवाला, साउंडवाला, भाड्याचे माइक, काहीच मोकळं नसतं. दिवाळीनंतर सराव पक्का करा आणि ड्रम्स-बेसचं रेकॉर्डिंग १६ डिसेंबर ते १३ जानेवारीच्या कमुरत्यात, म्हणजे शुभकार्यं टाळतात त्या महिन्यात, ठेवा. तेव्हा गुजराती लोकांत लग्नं नाहीत, म्हणून रस्त्यावर वरातीचा बँड नाही आणि ड्रमरला लग्नाच्या सुपाऱ्या नाहीत. हवा कोरडी, गार, पंखा बंद ठेवता येतो. आणि न्यू जर्सीवाले त्याच दिवसांत सुट्टीवर येतात. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, पतंगांचा सण: प्रत्येक गच्चीवर स्पीकर, त्या दोन दिवसांत माइक लावण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात गिटारीची मान दमटपणाने हलते आणि तारा उंच बसतात, म्हणून जून ते सप्टेंबर मिक्सिंगसाठी सोडा.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. २ व्होल्टच्या आत हवं. ५ च्या वर असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थ पिन काढणारे लोक आहेत. हे जिवावर बेततं: गिटारीच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागला की करंटला वाट सापडते. गुणगुण डीआय बॉक्सच्या ग्राउंड लिफ्टने घालवा. आवाज खालचा आणि सलग असेल तर अर्थिंगची साखळी तपासा, चरचरीत असेल तर डिमर आणि एलईडी दिवे बंद करून बघा. इन्व्हर्टर वापरायचाच तर साइन वेव्हचा.

८ चॅनेलचा इंटरफेस पुरतो: किक, स्नेअर वर-खाली, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, एक खोलीचा. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर लावा, नाहीतर स्नेअर एका बाजूला सरकतो आणि पातळ होतो. कातडी, खालचीसुद्धा, एक दिवस आधी बदला म्हणजे ताण बसतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक. सात-आठ टेक झाल्यावर मिळतो तो थकलेला टेक. गिटारीचा अँप माइकने घेतानाच कोरा डीआय वेगळा साठवा. मिक्समध्ये गिटारीचा आवाज आवडला नाही तर तो कोरा डीआयच पुन्हा अँपमधून काढता येतो. गायन दिवसाला एक गाणं, दोन तास, पाच टेक. यासाठी गायकाने बडोद्यातच यावं असं माझं मत. पुण्यातल्या वेगळ्या खोलीत घेतलेली चार गाणी आणि इथली चार, हा फरक मास्टरिंगलाही झाकता येत नाही.

बेसवाल्याला सुट्टी मिळाली नाही तर? ऑनलाइन एकत्र वाजवण्याचा नाद सोडा. बडोदा-न्यू जर्सी अंतर सुमारे १२,००० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशालाच एका बाजूने ६० मिलिसेकंद लागतात, आणि २५-३० च्या पुढे ताल सुटायला लागतो. त्याला पक्क्या ड्रम्सची वेव्ह फाइल, लयीचा नकाशा, दोन मात्रागटांची मोजणी आणि लिमिटर न लावलेला कच्चा मिक्स पाठवा. त्याच्याकडून पहिल्या मात्रेपासून अखंड, २४ बिट, कोरा डीआय मागवा. फाइलच्या नावात गाणं, वाद्य, टेक आणि तारीख हवी. ‘बेस फायनल नवा २’ अशा नावांनी आठवडे वाया जातात. सगळ्या सेशनची एक प्रत त्याच्याकडेच ठेवा, दुसरी बडोद्यात. बदली वादक घेण्यातही काही कमीपणा नाही. मुंबईचा इंडस क्रीड २०१० मध्ये परत जमला तेव्हा उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तिघे जुने होते, बेस आणि ड्रम्सवर नवे. २०१२ चा त्यांचा अल्बम त्याच पाच जणांचा.

मिक्सला बसण्याआधी चौघांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या. वर्षानुवर्षं झांजांशेजारी उभं राहिलेल्या कानांची पहिली झीज ४ किलोहर्ट्झच्या आसपास होते. मग प्रत्येक जण ‘अजून थोडी धार’ मागतो आणि अल्बम तरुण कानांना बोचतो. ज्याचा ऑडिओग्राम सगळ्यात सपाट, धारेबाबत त्याचाच शब्द शेवटचा. ७५-७८ डेसिबलवर ऐका, तासाला दहा मिनिटं थांबा. सरावातही इअरप्लग हवेत: ८५ डेसिबल ८ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला १५ मिनिटंच. मास्टर फार जोरात करू नका. स्पॉटिफाय प्रत्येक गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतो, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त चपटं ऐकू येतं. ट्रू पीक, म्हणजे खरं शिखर, उणे १ डेसिबलपर्यंत.

प्रकाशनात एकच गोष्ट सर्रास चुकते. २०१० च्या आधीची गाणी ऑनलाइन कुठे असतील तर नवा अल्बम त्याच कलाकार-पानावर जावा म्हणून वितरकाला त्या पानाची लिंक अर्जातच द्या, नाहीतर त्याच नावाच्या परदेशी बँडच्या पानावर जाऊन बसतो. पुन्हा वाजवलेल्या जुन्या गाण्याला नवा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो, जुना लावू नका. वितरकाकडे फाइल्स महिनाभर आधी, स्पॉटिफायच्या संपादकांकडे सूचना निदान ७ दिवस आधी. शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन गाणी नोंदवावीत, आणि टक्के त्या सह्यांच्या पानावरचेच भरावेत. गाण्यांची नावं देवनागरीत आणि रोमनमध्ये एकदाच ठरवून सगळीकडे तीच लिहा, भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. तिथे हिंदी राहून गेलं तर गाणी हिंदीच्या याद्यांत जातात, आणि ते नंतर बदलून घ्यायला पुन्हा वितरकाच्या मागे लागावं लागतं.